पाणीपट्टीची शपथ

मंदाकिनी सपकाळ कॉटवर आडवी होते ती झोपायला म्हणून नाही, नुसते डोळे मिटायला. जेवण झालंय, पंखा फिरतोय आणि चार वाजता नगरपरिषदेची विशेष सभा आहे. ती निमसांगवीची नगराध्यक्षा. लोकांनी थेट निवडून दिलेली. आज सभेपुढं एकच विषय आहे, पाणीपट्टी वाढवायची की नाही. निम्मे नगरसेवक हो म्हणणार, निम्मे नाही म्हणणार, हे सकाळीच सगळ्यांना ठाऊक झालंय. म्हणजे निकाल तिच्या मतावर. आणि तिचं मत चार वर्षांपूर्वीच बांधलं गेलंय.

निवडणुकीच्या आधी गावाबाहेरच्या टेकडीवर, खंडोबासमोर, तिनं आणि तिच्या सगळ्या उमेदवारांनी बेलभंडारा उचलला होता. गावादेखत. पाच वर्षं कुठलाच कर एका पैशानं वाढवणार नाही. वाढवला तर आमच्या लेकराबाळांवर पडो.

अशी शपथ घ्यायला अक्कल लागत नाही, माईक लागतो. माईक होता, टाळ्या होत्या, मतं पडली. त्यानंतर वीज महागली, तुरटी महागली, पगार वाढले, आणि पाणीपट्टी होती तिथंच राहिली. मग कुठंतरी कापायला लागलं. नदीकाठच्या फिल्टर हाऊसमध्ये जी वाळू पाणी गाळते ती दर काही वर्षांनी बदलावी लागते. वाळू कुणाला दिसत नाही. तिचा खर्च यंदा पुढच्या वर्षावर ढकलला, पुढच्या वर्षी त्याच्या पुढच्यावर, आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं, शिलकी. पेढे वाटले. पेपरात फोटो आला. शिल्लक म्हणजे न बदललेली वाळू, हे फोटोखाली लिहिलेलं नव्हतं.

या गणेशोत्सवानंतर गावात कावीळ आली.

आता मुख्याधिकारी म्हणतायत, वाळू बदला, त्यासाठी पाणीपट्टी वाढवा. आणि मंदाकिनीची लेक अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, दिवस भरलेत, आतल्या खोलीत कुशीवर झोपलीय. लेकराबाळांवर पडो, हे शब्द मंदाकिनीला आता रोज ऐकू येतात, आणि स्वतःच्याच आवाजात.

ती डोळ्यांवर पदर ओढते. पदरातून उजेड तांबूस दिसतो. पंख्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा हळू फिरायला लागतं. हे कसं होईल, असा विचार ती करते, आणि तो संपायच्या आधी तिच्या लक्षात येतं की हा पंखा घरातला नाही. हा सभागृहातला आहे.

सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मागच्या रांगेत एकजण बसलाय, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून, कागदाच्या प्लेटमधला वडा खातोय. पांढरं धोतर, कोटाच्या वरच्या खिशात पेन.

मंदाकिनीचा हात डोक्याकडं जातो आणि पदर पुढं येतो. मेलेल्या चुलत सासऱ्यासमोर पदर घ्यायचा की नाही, याचा नियम कुणी केलेला नाही. हाताला सवय असते.

"आबा, तुम्ही कसे?"

"का? नोटीस निघाली नाही माझ्या नावानं म्हणून यायचं नाही?" रंगराव सपकाळ वडा चावत म्हणतात. "मेलोय, माहीत आहे मला. फ्लेक्स बघितला तुझा. फोटो जुना लावलास."

"चांगला होता तो, आबा."

"केस काळे होते त्यात. आणि स्मशानात भाषण केलंस, गावाचा आधारवड कोसळला. निवडणुकीत काय म्हणत होतीस मला?"

मंदाकिनी पदर सारखा करते.

"बोल की सूनबाई. इथं माईक नाही."

"खिसेकापू."

"खिसेकापू. चुलत सासऱ्याला. भर चौकात. आणि पदर तेव्हाही डोक्यावरच होता." आबा हसतात. हसताना दात दिसत नाहीत.

हेच रंगराव सपकाळ तिच्या आधीचे नगराध्यक्ष. त्यांनी एका फटक्यात पाणीपट्टी वाढवली, गाव खवळलं, आणि भावाच्या सुनेनं त्यांना पाडलं. यंदाच्या दसऱ्याला ते गेले. घरचे सांगतात, वय झालं होतं. मंदाकिनीही तसंच सांगते. पण आबांचे डोळे आता पिवळे आहेत, पिकल्या लिंबासारखे, आणि ती त्या डोळ्यांकडं न बघता त्यांच्या खिशातल्या पेनाकडं बघत उभी आहे.

"चल," आबा म्हणतात. बोटं धोतराला पुसतात आणि उठतात.

सभागृहाच्या पायऱ्या उतरायच्या असतात. पण त्या चढतायत. दगडी आहेत, मध्ये झिजलेल्या, दोन्ही बाजूंना दिवट्यांचे कोनाडे. टेकडीच्याच पायऱ्या. मंदाकिनीला धाप लागत नाही. आबा पुढं चाललेत, काठी न घेता.

"गुरवाकडं गेली होतीस म्हणे," ते मागं न बघता विचारतात.

"गेले होते. कौल लावायला सांगितला. फूल पडलंच नाही. ना डावं, ना उजवं."

"मग?"

"मग वकिलाला विचारलं. तो म्हणाला, शपथेला कायद्यात जागा नाही."

"मग?"

"मग ज्योतिषाला. तो म्हणाला, शांत करू, पण वेळ लागेल, लेकीचं बाळंतपण होऊ दे."

"तोवर गावानं पाणी प्यायचं नाही?"

वर देऊळ आहे. गाभाऱ्याचं दार उघडं आहे. आत देव नाही. तिथं गावातली पाण्याची उंच टाकी उभी आहे, खांबांसकट. गाभाऱ्यात मावणार नाही एवढी मोठी, तरी मावलीय. टाकीवर नगरपरिषदेचं नाव रंगवलंय आणि खाली कुणीतरी हळद वाहिलीय.

मंदाकिनी उंबऱ्याशीच थांबते. "आबा, मी हो म्हणाले तर लेकीवर पडेल. मी स्वतः म्हटलंय ते. या तोंडानं."

"आणि तिकीट?"

"तिकिटाचा काय संबंध?"

"जिल्ह्यावरनं फोन आला होता की नाही?"

ती टाकीकडं बघते. "आला होता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शपथ मोडणाऱ्याला पुढच्या वेळेला पक्षात जागा नाही. शेजारच्या तालुक्यात एकाला काढलंय तसं."

"म्हणजे देव पुढं आणि तिकीट मागं. देवाचं बरं आहे, तो खुलासा करत नाही, म्हणून सगळेच त्याच्या नावावर खपवतात."

आता मंदाकिनीचं डोकं तापतं. मेलेला असला तरी आबा विरोधी पक्षाचाच.

"तुम्ही नका मला शिकवू! तुम्ही पाणीपट्टी वाढवलीत आणि काय केलंत? कमान बांधलीत वेशीवर. वडलांच्या नावाची."

"तुझे आजेसासरे होते ते."

"असतील. एसटी जाते का त्या कमानीखालनं? सारखी अडकायची. आता गावाला वळसा घालून स्टँडवर येते. लोकांनी घाम गाळून पैसे भरले आणि तुम्ही एसटीला रस्ता नाही ठेवलात. खिसेकापू म्हटलं तर काय चुकलं?"

आबा देवळाच्या कट्ट्यावर बसतात. रागावलेले दिसत नाहीत. खरं तर काहीच दिसत नाही त्यांच्या चेहऱ्यावर. माणूस एसटीची वाट बघत बसतो तसे बसलेत.

"काही चुकलं नाही," ते म्हणतात. "लोक चिडले ते बरोबर चिडले. मी पैसे घेतले आणि भलतीकडं घातले. तू घेतलेच नाहीस आणि शिल्लक दाखवलीस. आपण दोघं मिळून एक धड नगराध्यक्ष होत नाही, सूनबाई. आणि गाव काय करतंय? मला पाडून तुला आणतं, तुला पाडून उद्या माझ्यासारखा दुसरा आणेल. मधे पाणी प्यायला तेच."

कट्टा ओला आहे. मंदाकिनीच्या तळव्यांना गार लागतं. ती खाली बघते तर पायाखाली सिमेंट, आणि सिमेंटवर शेवाळ. समोर फिल्टर हाऊसचे हौद पसरलेत, एकाला लागून एक. हौदांच्या कडेनं लोखंडी दांड्या उभ्या आहेत आणि दांड्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्यात. सगळ्या बाटल्यांतून पाणी थेंब थेंब हौदात पडतंय. कुणाच्या हाताला सुई नाही. हात नाहीतच.

"घरी काय पिता?" आबा विचारतात.

"जार येतो."

"कुणाचा?"

"आपल्या पाणीपुरवठा सभापतींच्या मेव्हण्याचा."

"बरं आहे. आणि सभापती काय म्हणतात पाणीपट्टीला?"

"विरोध आहे त्यांचा. कडक."

"असणारच. नळाला चांगलं पाणी आलं तर जार कोण घेईल? आणि जारला महिन्याला जे जातात ते पाणीपट्टीच्या किती पट, हे विचारलं का कुणी त्यांना?" आबा हौदाच्या कडेवर उकिडवे बसतात. "आणि कुंभार गल्लीत काय पितात?"

"नळाचं."

"आणि मी काय पीत होतो?"

मंदाकिनीला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत होतं. आबांनी जार घरात येऊ दिला नाही. मी नगराध्यक्ष होतो, नगरपरिषदेचंच पाणी पिणार, असं म्हणायचे आणि पाहुण्यांनाही तेच पाजायचे. लोक हसायचे.

"आबा, तुम्ही माझ्यामुळं..."

"गप." पहिल्यांदाच आवाज चढतो. "रडायचं नाही. माझी शहात्तर झाली होती, मी कशानं तरी जाणारच होतो. कुंभारांची तनुजा दुसरीत होती. तिच्यासाठी रड. तेही सभा झाल्यावर."

बाटल्यांतलं पाणी पडत राहतं.

"हात घाल," आबा म्हणतात.

"कुठं?"

"वाळूत. बघ तुझी शिल्लक कशी लागते हाताला."

ती पदर खोचते, हौदाच्या कडेवर गुडघे टेकते आणि पाण्यात हात घालते. वाळू खरखरीत लागायला हवी. लागत नाही. बोटं मऊ, थंड, गिळगिळीत कशात तरी जातात, मनगटापर्यंत, आणि आणखीही गेली असती. ती हात उपसते. काळा आहे. बांगड्यांत चिखल अडकलाय आणि कुबट वास येतोय, झाकून विसरलेल्या भांड्याचा असतो तसा.

"हे आम्ही लोकांना पाजतोय," ती म्हणते. सभेत असतं तर हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं.

"आम्ही नाही. तू. मी आता कुणाला काही पाजत नाही."

"मग ही शपथ सोडवू कशी? सांगा ना. तुम्ही तिकडचे आहात, तुम्हाला माहीत असेल."

"तिकडचं काही विचारू नकोस. तिकडं सभा नाहीत, बरं आहे." आबा तिच्याकडं बघतात. पिवळे डोळे, आता तीही बघते. "लहानपणी कुणी शपथ घातली तर काय करायचात तुम्ही पोरी?"

"सुटली म्हण, म्हणायचो."

"कुणाला म्हणायचात? गुरवाला? वकिलाला?"

"नाही. ज्यानं घातली त्याला."

"मग ही कुणी घातली? खंडोबा आला होता का तुमच्याकडं, कर वाढवू नका म्हणून सांगायला?"

मंदाकिनी विचार करते. स्वप्नात विचार करणं अवघड असतं, पाण्यात चालल्यासारखं. "लोकांना दिली होती," ती म्हणते. "लोकांना हवी होती म्हणून घेतली."

"मग लोकांना जाऊन म्हणायचं, सुटली म्हणा. गुरवाला विचारलंस, ज्योतिषाला विचारलंस, जिल्ह्याच्या साहेबांचं ऐकलंस. ज्यांना दिलीस त्यांच्यातल्या एकाला तरी विचारलंस का?"

तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. चार वर्षांत नगरपरिषदेतल्या कुणी लोकांना शेवटचं काय विचारलं असेल तर ते मत.

"तुम्ही म्हणा, आबा. तुमच्यापासून सुरू करते. सुटली म्हणा."

"मी कसा म्हणू? मी तुझ्याविरुद्ध उभा होतो."

असं म्हणतात आणि उठतात. हौदांच्या पलीकडं एक टेबल आहे, टेबलावर मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा. आधी नव्हता. आबा आडोशामागं जातात. मंदाकिनीला त्यांची चप्पल तेवढी दिसते, टाचेला घासलेली. मग मतदान यंत्राचा लांबलचक आवाज येतो. तो थांबत नाही.

आबा बाहेर येतात. पहिल्यांदाच थोडे ओशाळलेले.

"त्या दिवशी हेच केलं," ते म्हणतात. "तुझ्या चिन्हापुढचं दाबलं."

"तुम्ही? स्वतःला सोडून मला?"

"घरात चार नळ. पाणीपट्टी माझीच वाढवलेली. आदल्या दिवशी बिल आलं, माझंच डोकं फिरलं. आडोशामागं माणूस एकटा असतो ना, तिथं कसला पक्ष आणि कसला नगराध्यक्ष. तुझी शपथ आठवली आणि बोट गेलं."

मंदाकिनी बघतच राहते. मग हसू फुटतं तिला, काळा हात तसाच पुढं धरून ती हसते, आणि आबाही हसतात, यावेळी दात दिसतात.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणतात.

"मेलात तुम्ही आबा, आता काय फरक पडतो?"

"फरक पडतो. माझं डिपॉझिट वाचलं होतं." मग हसणं थांबतं. "तर मलाही दिलेलीस तू ती शपथ. सुटली. जा. पण माझ्या एकट्याची. बाकीचे गावभर आहेत."

ते हौदाच्या पायऱ्या उतरायला लागतात. पाणी गुडघ्यापर्यंत येतं, कमरेपर्यंत येतं, धोतर भिजत नाही. मंदाकिनी हाक मारते. यंत्राचा आवाज एवढा वाढलाय की तिची हाक तिलाच ऐकू येत नाही.

उशीजवळ फोन वाजतोय.

सभापतींचा आहे. ती बंद करते. पंखा नीट फिरतोय, सगळी पाती सारखी. उष्टं ताट कॉटजवळ तसंच आहे. आतून अश्विनीचा आवाज येतो, "आई, कुणाचा फोन?" आणि मंदाकिनी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि तशीच राहते.

उजवा हात मनगटापर्यंत काळा आहे.

चादर स्वच्छ आहे. पदर स्वच्छ आहे. हातावर मात्र गाळाचा थर, नखांत रेव, बांगड्यांच्या मधे बसलेला चिखल अजून ओला. ती हात नाकाजवळ नेते आणि तोंड फिरवते. मग मोरीकडं जाते, तोटीवर डावा हात ठेवते. काय येणार आहे यातून, हे तिला ठाऊक असतं. तोटी न उघडता ती बाहेर पडते.

पलीकडंच द्वारकाकाकूंचं घर. भिंतीला भिंत. काकू शिवणाच्या मशीनवर बसल्यात, उसवलेला ब्लाऊज पुढ्यात.

"काकू, सुटली म्हणा."

"अगं बाई. काय सुटली?"

"शपथ. टेकडीवर घेतली होती ती. तुम्ही होता तिथं, पुढं बसला होता. मला पाणीपट्टी वाढवायचीय."

द्वारकाकाकू चष्म्यावरून बघतात. आधी तोंडाकडं, मग हाताकडं.

"हे काय माखून आलीस? सभेला जायचंय ना तुला?"

"गाव पितं त्यातलं आहे."

काकू मशीनवरून उठतात. जवळ येतात, वाकून वास घेतात. गल्लीतून कुणाची तरी गाडी जाते.

"किती वाढवणार?"

मंदाकिनी आकडा सांगते, वाळू बदलायचीय तेही सांगते. चार वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनं कुणाला विचारू दिला नव्हता.

"आणि ते वाळूलाच लागतील कशावरून? मागच्याचं बघितलंय आम्ही. वाळूलाच घालशील? घे शपथ."

मंदाकिनीचा काळा हात सवयीनं वर जायला लागतो. गळ्याशी चिमूट धरायला, जशी बायका धरतात. अर्ध्यावर ती तो खाली घेते.

"शपथ नको काकू," ती म्हणते. "आता एकही नको. चपला घाला. सभेत मागं बसायला जागा असते लोकांना, कुणी येत नाही म्हणून तिथं खुर्च्या रचून ठेवतात. चला, बसा, बघा मी काय करते. आणि वाळू येईल त्या दिवशी फिल्टर हाऊसवर या. ट्रक मोजा."

"माझा ब्लाऊज द्यायचाय संध्याकाळी."

"मग नका येऊ. मी दुसऱ्या दारात जाते."

काकू उसवलेला ब्लाऊज घडी करून मशीनवर ठेवतात. कोपऱ्यातल्या चपलांत पाय घालतात.

"माझी सुटली," त्या कुरकुरत म्हणतात. "पण येणार मी. आणि मधेच विचारलं काही तर गप्प बसवायचं नाही मला."

पायरी उतरताना द्वारकाकाकूंचा गुडघा दुखतो. त्या आधाराला हात पुढं करतात, आणि मंदाकिनीचा जो हात मिळतो तो धरतात. गाळ त्यांच्याही बोटांना लागतो. त्या बोटांकडं बघतात, चेहरा वाकडा करतात, आणि हात सोडत नाहीत.